८० रुपयांची क्वार्टर आणि घरचा हिशेब

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने १० जून २०२५ रोजी दारूवरचे उत्पादन शुल्क वाढवले आणि त्याच निर्णयात १८० मिलीलीटरच्या बाटलीचा, म्हणजे क्वार्टरचा, किरकोळ विक्रीचा किमान भावही बांधून दिला. देशी ८० रुपये. 'महाराष्ट्र मेड लिकर' हा धान्यापासून बनणाऱ्या दारूचा नवा प्रकार, त्याची क्वार्टर १४८. भारतीय बनावटीची विदेशी, जिला गावात सगळे 'इंग्लिश' म्हणतात, ती २०५. प्रीमियम विदेशी ३६०. त्याआधी देशी ६० ते ७० रुपयांना आणि साधी इंग्लिश ११५ ते १३० रुपयांना मिळत होती. बिअर आणि वाइन या वाढीतून वगळली गेली. यातून वर्षाला १४,००० कोटी रुपये जादा महसूल येईल, असा सरकारचा अंदाज होता.

निर्णय मुंबईत झाला. पण तो घासून पाहायला वरूड तालुक्यासारखी जागा नाही. उत्तरेला सातपुडा आणि त्याला लागून मध्य प्रदेश. दक्षिणेला वर्धा नदी ओलांडली की आष्टी तालुका, म्हणजे गांधी-विनोबांच्या वास्तव्यामुळे १९७० च्या दशकापासून दारूबंदी असलेला वर्धा जिल्हा. तापीच्या उगमाचे मुलताईही दूर नाही. मध्य प्रदेश सरकारने १ एप्रिल २०२५ पासून ज्या तीर्थक्षेत्रांतली दारूची दुकाने बंद केली, त्यांत मुलताईचे नाव आहे. मध्य प्रदेशातल्याच पांढुर्ण्याच्या वाटेने गेले तर मात्र तशी बंदी नाही. एका तालुक्याभोवती इतके वेगवेगळे नियम आणि मधोमध संत्र्याचा पैसा. आंबिया बहाराचा माल उचलला की बागवानाच्या हाती चुकारा येतो, तोडीवरच्या मजुराला आठवड्याची मजुरी मिळते आणि बाजाराच्या दिवशी त्यातला किती भाग घरी पोचेल, हे भट्टीवरून, म्हणजे देशीच्या दुकानावरून, ठरते. देशीच्या बाटलीवर बरेचदा चित्र असते तेही संत्र्याचेच.

या निर्णयाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. त्या इथे दोन बोलणाऱ्यांच्या तोंडी घातल्या आहेत. एक ताई, महिला बचत गटाची अध्यक्ष. दुसरे काकाजी, प्राथमिक आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेले आरोग्य सहायक. ही कोणी ठरावीक माणसे नाहीत. पण त्यांचे म्हणणे वरूडच्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही.

"मले एक सांगा काकाजी," ताई सुरुवात करते, "सरकारनं भाव वाढवला, तं माह्या गटातल्या कोन्या बाईच्या नवऱ्यानं पेनं सोडलं? साठची होती तवा साठ नेत होता, आता ऐंशी नेते. हे वरचे वीस कोनाच्या डब्यातून गेले?"

ताईचा हिशेब कागदावर मांडून पाहिला पाहिजे. रोज एक देशी क्वार्टर घेणाऱ्या माणसाच्या घरून महिन्याला ३०० ते ६०० रुपये जास्त जातात. रोज साधी इंग्लिश घेणाऱ्याच्या घरून २,२५० ते २,७०० रुपये. त्या घरातल्या बाईला लाडकी बहीण योजनेतून महिन्याला मिळतात १,५०० रुपये. ताईच्या समोर गटाचे रजिस्टर उघडे असते. नावांसमोर दर महिन्याच्या बचतीचे चौकोन, सही किंवा अंगठा. काही नावांसमोर सणाच्या महिन्यातला चौकोन कोरा. पोळ्याच्या करीला घरात काय झाले, हे त्या कोऱ्या चौकोनावरून ताईला कळते. विचारावे लागत नाही.

काकाजी हे नाकारत नाहीत. "ज्याले लत लागली, त्याच्यासाठी हा इलाज नोहेच, ताई. हा इलाज ज्याले अजून लागली नाही, त्याच्यासाठी आहे. कायद्यानं पंचवीस वर्षांखालच्याले देशी देता येत नाही. पन जाळीच्या मांगं बसलेला मानूस वय इचारते का? तोडीवर आलेला अठरा वर्षांचा पोरगा पहिल्यांदा भट्टीवर जाते, तवा त्याले अडवनारं एकच राहते, त्याच्या खिशातले पैसे. स्वस्त असली की तो रोज जाते. महाग असली की बाजाराच्या दिवशी जाते. रोजचं अन आठवड्याचं, याच्यातला फरक मी पस्तीस वर्षं दवाखान्यात पाहिला."

काकाजींच्या बाजूने जगातला सर्वांत मोठा पुरावा स्कॉटलंडचा आहे. तिथल्या संसदेने २०१२ मध्ये किमान भावाचा कायदा केला. व्हिस्की उत्पादकांच्या संघटनेने त्याला न्यायालयात आव्हान दिले, खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, नोव्हेंबर २०१७ मध्ये कायद्याच्या बाजूने निकाल लागला आणि १ मे २०१८ पासून अंमल सुरू झाला. नियम सोपा होता. दारू कोणतीही असो, तिच्यातल्या दर १० मिलीलीटर शुद्ध अल्कोहोलला किमान ५० पेन्स पडलेच पाहिजेत. स्कॉटलंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०२३ मध्ये मूल्यमापन प्रसिद्ध केले. शेजारच्या इंग्लंडमध्ये असा नियम नव्हता, त्यामुळे तुलना करता आली. एकूण विक्री सुमारे ३ टक्क्यांनी घटली होती. निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू, कायदा नसता तर जितके झाले असते त्यापेक्षा, १३.४ टक्क्यांनी कमी होते. घट सर्वांत जास्त दिसली ती पुरुषांमध्ये आणि गरीब वस्त्यांमध्ये.

विक्रीत तीन टक्के घट आणि मृत्यूंत तेरा टक्के, हे पहिल्यांदा वाचताना विसंगत वाटते. ते तसे नाही. स्वस्तातली कडक दारू प्रामुख्याने जास्त पिणारेच घेत असतात. भावाचा तळ वर सरकला की कधीतरी घोटभर घेणाऱ्याला काही जाणवत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याला जाणवते. करवाढ आणि किमान भाव यांत हाच फरक आहे. कर वाढला तरी दुकानदार किंवा कंपनी नफ्यातून सूट देऊन जुन्या भावाने विकू शकते. किमान भावाखाली कोणालाच जाता येत नाही.

ताईने हे ऐकून घेतले. मग तिने नेमके विचारले, "अन ज्याले लत होती, त्याचं काय झालं तिकडे?"

इथे काकाजींना थांबावे लागते, कारण त्याच मूल्यमापनात उत्तर ताईच्या बाजूचे आहे. दारूवर पूर्ण अवलंबून झालेल्या लोकांनी पिणे कमी केल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. त्यांच्यातल्या काहींनी दारूला पैसे पुरावेत म्हणून जेवणखाणात काटकसर केली. पुढे कोविडच्या साथीच्या काळात जास्त पिणाऱ्यांपैकी अनेकांचे पिणे आणखी वाढले आणि २०२३ मध्ये स्कॉटलंडमध्ये दारूमुळे १,२७७ मृत्यू नोंदले गेले, २००८ नंतरचा सर्वांत मोठा आकडा. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांताने २०१८ मध्ये आणलेला किमान भाव नव्या सरकारने २०२५ मध्ये रद्दही केला.

"पाहा," ताई म्हणते, "तिकडे तो स्वतःच्या ताटातलं कमी करते. आपल्याकडे लेकराच्या ताटातलं कमी होते. बायको सकाळी संत्र्याच्या बागेत निवड-टिवड करते, तिच्या मजुरीवरच हात पडते. मी भावाले काहून भेवून राहिली, आता समजलं का?"

या मुद्द्याला काकाजींकडे पूर्ण उत्तर नाही आणि ते असल्याचा आवही ते आणत नाहीत. मात्र त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आरोग्य खात्यात काम केलेल्या माणसालाच सुचावी. "लत लागलेल्याची दारू पैशापायी एकदम तुटली, तं त्याले हातपाय कापनं, भ्रम होनं, झटके येनं, हे सारं होऊ शकते. जीव जाऊ शकते. म्हनून भाव वाढवनाऱ्यानं त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात व्यसनमुक्तीची खाट ठेवली पाह्यजे. भाव एकटा आला, तं तो अर्धा इलाज झाला."

मुंबईच्या निर्णयाबद्दल खरा आक्षेप मात्र दोघांपैकी कोणीही अजून घेतलेला नाही आणि तो इथे घेतला पाहिजे. महाराष्ट्राने ठरवलेला किमान भाव दारूच्या जातीवर आहे, तिच्यातल्या अल्कोहोलवर नाही. भारतीय बनावटीच्या विदेशी दारूत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे एका क्वार्टरमध्ये ७७ मिलीलीटर शुद्ध अल्कोहोल. २०५ रुपयांच्या हिशेबाने एक मिलीलीटर पडते सुमारे २ रुपये ६६ पैशांना. देशीचा कडकपणा तेवढाच धरला, तर ८० रुपयांच्या क्वार्टरमध्ये तेच एक मिलीलीटर १ रुपया ४ पैशांना मिळते. यकृताला दोन्ही सारखेच.

भाव बांधण्याआधी या दोन बाटल्यांत ४५ ते ७० रुपयांचे अंतर होते. आता ते १२५ रुपयांचे झाले. ज्याला इंग्लिश परवडेनाशी झाली, त्याला दारू सोडण्याची वाट समोर येण्याआधी देशीची पायरी समोर येते. मधली पायरी १४८ रुपयांची, तीही सरकारनेच याच निर्णयात बांधून दिली. स्कॉटलंडमध्ये ही वाट बंद होती, कारण खालची पायरीच ठेवलेली नव्हती. लोकांचे पिणे कमी व्हावे हा हेतू असता, तर सर्वांत मोठी वाढ सर्वांत स्वस्त दारूवर व्हायला हवी होती. इथे देशी १० ते २० रुपयांनी वाढली आणि इंग्लिश ७५ ते ९० रुपयांनी. महसुलाचा विचार करून आखलेली ही रचना आहे. आरोग्याचा विचार तीत नाही.

"मंग देशी दोनशेची करा असं म्हनता काय?" ताई विचारते. "मंग तो पहाडाकडे जाईन. तिकडे मोहाची धार लागूनच राहते."

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. मोहफुलांचा किंवा गुळाचा सडवा, नवसागर, नाल्याकाठचा आडोसा आणि चुलीवरचे पिंप. हातभट्टीला शुल्क नाही, लेबल नाही, किमान भाव नाही. अधिकृत दारू आणि हातभट्टी यांच्यातले अंतर वाढले की काय होऊ शकते, हे तामिळनाडूत कल्लकुरिचीला जून २०२४ मध्ये दिसले. सरकारी दुकानातल्या क्वार्टरपेक्षा बरीच स्वस्त मिळणारी पाकिटातली गावठी दारू मजुरांनी घेतली, तीत मिथेनॉल निघाले आणि ६० हून अधिक माणसे गेली. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभरहून अधिक लोकांचा बळी गेला, तोही मिथेनॉलनेच. मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले होते.

काकाजींचे उत्तर ठाम आहे. "म्हनून भाव एकदम नाही, दरसाल थोडा थोडा वाढवा. अन हातभट्टी धरा. ते काम भावाचं नाही, खात्याचं आहे." राज्य उत्पादन शुल्क खात्यासाठी जूनच्या त्याच निर्णयात १,२२३ पदे मंजूर झाली, त्यांत ७४४ नवी आणि ४७९ पर्यवेक्षकीय. कारखान्यांवर लक्ष ठेवायला कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा एकात्मिक नियंत्रण कक्षही ठरला. हे चांगलेच आहे. पण तो कक्ष कारखाना, बाटलीभराई आणि घाऊक विक्रीवर नजर ठेवणार. नाल्याकाठच्या पिंपाची खबर गावातल्या बाईकडून येते आणि तिचे नाव फुटले की दगड तिच्या घरावर येतो. ताईच्या गटासारख्या गटांना संरक्षण आणि तक्रारीला पोच मिळाली, तर एक निरीक्षक जे करू शकत नाही ते दहा बाया करतात.

मग बोलणे ताईच्या मूळ मागणीवर आले. तिला भाव नको आहे, दुकानच नको आहे. राज्याच्या नियमांनुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर मतदान घेतले जाते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीला पडली, तर दुकान बंद होते. आलेल्या मतदारांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त. मजुरीवर गेलेली, माहेरी गेलेली, मेलेली पण यादीतून न काढलेली, ही सगळी नावे उभ्या बाटलीच्या पारड्यात जातात. तरीही महाराष्ट्रात कित्येक गावांनी ही लढाई जिंकली. ज्या अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले आणि तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभारले, तिथल्या भजनी मंडळाच्या बाईला दारूविरुद्ध बोलायला कोणाकडून शिकावे लागत नाही.

"बंदीचं मी चंद्रपुरात पाहिलं," काकाजी म्हणतात. चंद्रपूरची बंदी हलकी नव्हती. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या होत्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आली. २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने ती उठवली आणि कारण दिले ते अवैध दारू आणि गुन्हेगारी वाढल्याचे. "शेजारच्या जिल्ह्यात दुकान चालू अन इथं बंद, मंग पेट्या रात्री येतेच. वर्ध्याचं पाहा. नदीच्या या काठावर दुकान, त्या काठावर बंदी."

ताई यावर चिडते आणि तिचे चिडणे रास्त आहे. "पेट्या येते म्हनून बंदी वाईट, हे कोनतं बोलनं? चोरी होते म्हनून चोरीचा कायदा काढून टाकतं काय? गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, ती काहून टिकली? तिथं मांगं मानसं उभी राहिली." गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे अभियान गावोगाव चालले. सरकार, डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था आणि टाटा ट्रस्ट यांचे ते एकत्रित काम. गावसंघटना, अवैध विक्रीवर अंकुश आणि व्यसनी माणसावर उपचार, ही तिन्ही अंगे त्यात होती. चंद्रपूरच्या बंदीला मागून असा आधार सातत्याने मिळाला नाही. ताईचा मुद्दा इथे वजनदार आहे. कायदा एकटा पडला की बंदीही पडते आणि किमान भावही.

काकाजी मान हलवतात, पण एक अट घालूनच. "तुमची आडवी बाटली होईस्तोवर पाच वर्षं जातीन. तोवर त्या अठरा वर्षांच्या पोराचं काय?"

दोघांचे एकमत झाले नाही आणि व्हायचे कारणही नाही. ताईचा प्रश्न आज घरात असलेल्या व्यसनी माणसाचा आहे. काकाजींचा प्रश्न उद्याच्या व्यसनी माणसाचा आहे. किमान भाव दुसऱ्या प्रश्नावर काम करतो, याचा पुरावा आहे. पहिल्यावर तो काम करतो, याचा स्पष्ट पुरावा नाही. उलट तो घराला चिमटा बसवतो, याचा पुरावा आहे. म्हणून भाव बांधणाऱ्या सरकारवर पहिल्या प्रश्नाची जबाबदारी येते. १४,००० कोटींचा अंदाज मांडताना त्यातला ठरावीक हिस्सा तालुक्याच्या रुग्णालयातल्या उपचारासाठी आणि पिणाऱ्याच्या कुटुंबासाठी राखून ठेवायला हवा होता. हा पैसा त्या घरांतूनच गोळा होतो.

स्कॉटलंडकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या कायद्यातच लिहिले होते की सहा वर्षांनी संसदेने पुन्हा मत दिले नाही, तर किमान भाव आपोआप संपेल. त्यामुळे मोजमाप करणे भागच होते. ते झाले, एप्रिल २०२४ मध्ये संसदेने पुन्हा मंजुरी दिली आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून भाव ६५ पेन्स झाला. आपल्याकडेही भाव बांधल्यावर अमरावती जिल्ह्यात देशीचा खप किती, इंग्लिशचा किती, हातभट्टीचे गुन्हे किती आणि सरकारी दवाखान्यात दारूमुळे दाखल झालेले किती, हे आकडे दरवर्षी लोकांपुढे ठेवायला हवेत. यातले बहुतेक आकडे सरकारी खात्यांच्या दप्तरात असतातच.

वरूड, मोर्शी आणि नदीपलीकडच्या आष्टीच्या वाचकांना एक विनंती आहे. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधीच्या त्या सभेत ठराव मांडा: किमान भाव बाटलीच्या जातीवर नको, तिच्यातल्या अल्कोहोलवर बांधा, वाढीव महसुलातून तालुक्याच्या दवाखान्यात व्यसनमुक्तीच्या खाटा आणि समुपदेशक द्या, आणि खपाचे आकडे तालुकावार जाहीर करा. ठरावाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या नोंदीत राहू द्या, दुसरी तहसीलदारांकडे आणि तिसरी जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे पाठवा, आणि तिन्हींची पोच घ्यायला विसरू नका.